स्वतःच्या विकीत ॲड्रेस बारमधून शोध: उडी मारायला एक कीवर्ड, धांडोळ्याला दुसरा

माझ्या विकीत, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पानांच्या माझ्या टिपणवहीत, ‘राउटर’ नावाचं एक पान आहे. कुठली सेटिंग्ज कधी बदलली, रीसेटचं छिद्र कुठल्या बाजूला आहे, असलं सगळं तिथे लिहून ठेवलंय. पूर्वी ते पान उघडायचं म्हणजे आधी विकीचा बुकमार्क शोधायचा, मुखपृष्ठ येईपर्यंत थांबायचं, कोपऱ्यातल्या शोधचौकटीत क्लिक करायचं, शब्द टाइप करायचा आणि मग निकालांच्या यादीतून पान निवडायचं. आता कंट्रोल+एल (म्हणजे कर्सर ॲड्रेस बारमध्ये), ‘के’ (हा मी विकीला दिलेला कीवर्ड, म्हणजे शब्दाआधी टाइप करायची खूण), स्पेस, ‘राउटर’, एंटर. हात कळफलकावरून उचलावाही लागत नाही.

ही जोडणी पाच मिनिटांत होते. पण एकच कीवर्ड करून थांबलात तर लवकरच वैताग येतो, निदान मला आला. कारण आपल्याच विकीत आपण दोन निराळी कामं करत असतो. कधी पान ठाऊक असतं, फक्त तिथे पोचायचं असतं. कधी आपण काहीतरी लिहिल्याचं आठवतं, पण कुठल्या पानावर ते आठवत नाही. पहिल्या कामाला मी उडी म्हणतो, दुसऱ्याला धांडोळा. दोन्हींसाठी एकच कीवर्ड ठेवला की उडी मारायची असते तेव्हा यादी समोर येते आणि यादी हवी असते तेव्हा भलतंच पान उघडतं.

आधी पत्ता वाचायला शिका

ॲड्रेस बार विकीच्या आत काही शोधत नाही. तो एक तयार पत्ता घेतो, त्यातल्या एका रिकाम्या जागी तुमचा शब्द बसवतो आणि तो पत्ता उघडतो. शोधण्याचं काम विकीच करते. म्हणून आपल्याला शोधून काढायचंय ते इतकंच: पत्त्याचा साचा काय, आणि रिकामी जागा कुठे?

रिकाम्या जागेची खूण जवळपास सगळ्या ब्राउझरांत सारखीच आहे: टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून लहान लिपीतला एस. या लेखात ती मी %एस अशी लिहिलीय. बाकीचे पत्तेही उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. तुम्ही अर्थातच ते रोमन अक्षरांत टाइप करायचे.

कुठल्याही विकीचा साचा शोधायची माझी रीत अशी:

१. विकी उघडा, तिच्या शोधचौकटीत क्यू हे अक्षर सलग सहा वेळा टाइप करा आणि एंटर दाबा. सहा क्यू अशासाठी, की पत्त्यात ते आपणहून कधीच आलेले नसतात.

२. ‘काही सापडलं नाही’ असं सांगणारं पान येईल. ॲड्रेस बारमधला पूर्ण पत्ता कॉपी करून एखाद्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा.

३. त्यात क्यूंची रांग शोधा. ती पुसून त्या जागी %एस लिहा.

४. आता पत्त्यातले ‘&’ने जोडलेले बाकीचे तुकडे बघा. एकेक तुकडा काढून पत्ता पुन्हा उघडून पाहा. काढूनही शोध चालत असेल तर तो तुकडा फेकून द्या. पुष्कळदा निम्मा पत्ता नुसता भुसा असतो, आणि लांबलचक साचा सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही.

तिसऱ्या पायरीला क्यू सापडलेच नाहीत तर? मग ती शोधचौकट शब्द पत्त्यातून न पाठवता पोस्ट पद्धतीने, म्हणजे विनंतीच्या पोटात घालून पाठवते. असा शोध नुसत्या पत्त्यात मावत नाही. अशा वेळी फायरफॉक्स कामाला येतो: शोधचौकटीवर उजवं क्लिक केलं की आवृत्तीनुसार ‘ॲड अ कीवर्ड फॉर धिस सर्च’ किंवा ‘ॲड सर्च इंजिन’ असा पर्याय मिळतो. शोधचौकट जावास्क्रिप्टने पानातल्या पानात काम करत असेल आणि पत्ता जराही बदलत नसेल, तर त्या विकीच्या मदतपानांत थेट पत्त्याची सोय आहे का ते बघावं लागतं.

फायरफॉक्समध्ये

फायरफॉक्समधली युक्ती जुनी आणि भरवशाची आहे, कारण तिथे शोध म्हणजे एक साधा बुकमार्कच असतो.

कंट्रोल+शिफ्ट+ओ दाबून बुकमार्कांची लायब्ररी उघडा. ‘ऑर्गनाइझ’मधून नवा बुकमार्क घ्या. नावाच्या जागी काहीही चालेल, यूआरएलच्या जागी साचा, आणि ‘कीवर्ड’ या रकान्यात तुमचं अक्षर. सेव्ह करा. आता ॲड्रेस बारमध्ये ते अक्षर, एक स्पेस आणि शब्द टाइप करून एंटर दाबा. झालं.

बुकमार्क असल्यामुळे ब्राउझरचा सिंक चालू असेल तर कीवर्डही दुसऱ्या संगणकावर आपोआप जातो. शिवाय फायरफॉक्समध्ये मोठ्या लिपीतल्या एसची खूणही चालते, आणि तिचा अर्थ वेगळा आहे. लहान एस तुमचा शब्द पत्त्यात चालेल अशा रूपात बदलून घालतो; मोठा एस तो जसाच्या तसा घालतो. मोठ्याची गरज क्वचित पडते, पण पडते. समजा तुमच्या विकीत ‘घर/राउटर’ असं उपपान आहे आणि पत्त्यात पानाचं नाव थेट मार्गातच येतं. लहान एस त्या तिरक्या रेघेचं ‘%२एफ’ करतो. अपाची सर्व्हर मूळ सेटिंग्जमध्ये अशी रूपांतरित रेघ मार्गात आली की सरळ ४०४ दाखवतो. पान डोळ्यांसमोर असतं आणि सर्व्हर म्हणतो पानच नाही! मी यात एक आख्खी संध्याकाळ घालवलीय. उपाय दोन: मोठा एस वापरा, किंवा पानाचं नाव प्रश्नचिन्हानंतर येईल असा साचा घ्या. मी दुसरा उपाय पत्करला, कारण तो सगळ्या ब्राउझरांत चालतो.

क्रोम आणि त्याच्या भावंडांत

१. सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’, त्यात ‘मॅनेज सर्च इंजिन्स अँड साइट सर्च’.

२. ‘साइट सर्च’ या भागात ‘ॲड’.

३. तीन रकाने भरा: नाव, शॉर्टकट (म्हणजेच कीवर्ड), आणि %एस घातलेला साचा.

४. ॲड्रेस बारमध्ये शॉर्टकट टाइप करून टॅब दाबा. तुमच्या विकीचं नाव डावीकडे चिठ्ठीसारखं उमटलं की शब्द टाइप करा.

टॅबऐवजी स्पेसनेही शॉर्टकट चालू व्हावा का, हे त्याच पानावर ठरवता येतं. मी फक्त टॅब ठेवलाय. शॉर्टकट एकाच अक्षराचा असेल तर स्पेसमुळे घोळ होतात: साधं वाक्य शोधायला जावं आणि पहिल्या अक्षरानंतर विकीचं दार उघडावं.

त्याच पानावर खाली ‘इनॅक्टिव्ह शॉर्टकट्स’ नावाची यादी असते. तुम्ही ज्या साइटवर पूर्वी शोध घेतला असेल ती क्रोमने तिथे आधीच टिपून ठेवलेली असू शकते. तुमची विकी दिसली तर ‘ॲक्टिव्हेट’ दाबून फक्त शॉर्टकट बदलायचा. एज, ब्रेव्ह, विवाल्डी हे सगळे क्रोमियमवरच बेतलेले, त्यामुळे खाक्या तोच. मेनूंची नावं तेवढी वेगळी.

उडी आणि धांडोळा, तीन विकींत

मीडियाविकीत (विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरमध्ये) ही विभागणी आधीच केलेली आहे, फक्त ती लपलेली आहे. साचा असा: तुमच्या विकीचा पत्ता, मग ‘/इंडेक्स.पीएचपी?सर्च=%एस’. या पत्त्याला नेमक्या नावाचं पान सापडलं तर ते थेट उघडतं. नाही सापडलं तर निकालांची यादी येते. म्हणजे ही झाली उडी. धांडोळ्यासाठी ‘/इंडेक्स.पीएचपी?टायटल=स्पेशल:सर्च&फुलटेक्स्ट=१&सर्च=%एस’. ‘फुलटेक्स्ट=१’ असलं की त्या नावाचं पान असो वा नसो, यादीच येते. शेवटी ‘&प्रोफाइल=ऑल’ जोडलं तर चर्चापानांपासून टेम्प्लेटच्या पानांपर्यंत सगळ्या नेमस्पेस, म्हणजे पानांचे गट, धुंडाळल्या जातात. विकीची भाषा मराठी ठेवलेली असली तरी ‘स्पेशल:सर्च’ हे इंग्रजी नाव चालतंच.

उडी पक्की करायची असेल तर रिडायरेक्ट पानं हात सैल सोडून बनवा. माझ्याकडे ‘वायफाय’, ‘नेट’, ‘मोडेम’ ही तिन्ही नावं ‘राउटर’कडे पाठवतात. घाईत कुठला शब्द सुचेल ते आपल्या हातात नसतं.

डोकूविकीत धांडोळ्याचा साचा ‘डोकू.पीएचपी?डू=सर्च&क्यू=%एस’ असा. जुन्या आवृत्त्यांत क्यूच्या जागी आयडी लागतो, म्हणून सहा क्यूंची परीक्षा इथे करून घ्याच. उडीसाठी ‘डोकू.पीएचपी?आयडी=%एस’. स्पेसचं अंडरस्कोर डोकूविकी स्वतःच करून घेते. तिच्या शोधात ‘@’ लावून नेमस्पेसचं नाव दिलं की शोध तेवढ्यापुरता मर्यादित राहतो. ते नावही साच्यातच लिहून टाकता येतं, म्हणजे फक्त कामाच्या नोंदींसाठी वेगळा कीवर्ड तयार.

टिडलीविकीची गोष्ट निराळी. २००४ साली जेरेमी रस्टनने आणलेली ही विकी म्हणजे एकच एचटीएमएल फाइल. सर्व्हर नाही, म्हणून प्रश्नचिन्हानंतरच्या भागालाही अर्थ नाही. सगळा खेळ हॅशनंतर. फाइलचा पत्ता, मग ‘#%एस’ ही उडी. धांडोळ्यासाठी हॅशनंतर अपूर्णविराम आणि मग टिडलीविकीची गाळणी: ‘#:[!इज[सिस्टिम]सर्च[%एस]लिमिट[१०]]’. या पत्त्यावर यादी येत नाही, जुळलेल्या नोंदीच उघडतात. म्हणून ‘लिमिट’ विसरू नका. मी विसरलो होतो, आणि शोधलं काय तर ‘काम’. विकीतल्या निम्म्या नोंदी एकाखाली एक उलगडत गेल्या.

टिडलीविकीवाल्यांनी आणखी एक सांभाळायचं. ॲड्रेस बारमधून शोध घेतला की विकी सध्याच्या टॅबमध्ये उघडते, आणि तीच फाइल आधीच दुसऱ्या टॅबमध्ये उघडी असू शकते. आता दोन प्रती झाल्या. नवीत काही लिहून सेव्ह केलं आणि मग जुन्या टॅबमधून पुन्हा सेव्ह केलं, तर जुनी प्रत नवीवर चढून बसते. एका दुपारचं लेखन मी असंच स्वतःच्या हाताने पुसलंय. तेव्हापासून नियम केला: कीवर्डने उघडलेल्या प्रतीत फक्त वाचायचं, लिहायचं ते कायम पिन केलेल्या टॅबमध्ये.

ऑब्सिडियन (टिपणं ठेवायचं ॲप) ही काटेकोर अर्थाने विकी नव्हे, पण तशी वापरणारे पुष्कळ आहेत. तिचा स्वतःचा पत्ताप्रकार आहे: ‘ऑब्सिडियन://सर्च?व्हॉल्ट=’ आणि तुमच्या व्हॉल्टचं, म्हणजे नोंदींच्या फोल्डरचं, नाव, मग ‘&क्वेरी=%एस’. नावात स्पेस असेल तर ती ‘%२०’ अशी लिहायची. बाहेरचं ॲप उघडू का, असं ब्राउझर विचारेल, हो म्हणा.

देवनागरीची गोम

इंग्रजीत नोंदी ठेवणाऱ्याचं काम इथे संपलं. आपलं इथून सुरू होतं.

पहिली गोष्ट निरुपद्रवी आहे, फक्त दचकवते. ‘घर’ शोधून पत्ता कॉपी केला तर चिकटवताना दिसतं ‘%ई०%ए४%९८%ई०%ए४%बी०’. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची ३ अक्षरं होतात. म्हणजे दोन अक्षरी ‘घर’साठी १८ अक्षरं. ब्राउझर आणि विकी हे आपापसांत समजून घेतात, आपण लक्ष द्यायचं कारण नाही. अपवाद डोकूविकीचा: मूळ सेटिंगमध्ये ती फाइलचं नावही याच रूपात ठेवते, आणि नेहमीच्या लिनक्स फाइलव्यवस्थेत नाव २५५ बाइटांपुढे जाऊ शकत नाही. काना-मात्रा धरून प्रत्येक चिन्हाला ९, म्हणजे पंचवीस-सत्तावीस चिन्हांच्या पुढचं मराठी शीर्षक तिथे अडतं. शीर्षकं आखूड ठेवा, किंवा फाइलनावांचं सेटिंग पानं वाढण्याआधीच बदलून घ्या.

खरा त्रास दुसरा. एकच अक्षर, डोळ्याला अगदी तेच दिसणारं, संगणकात दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं. ‘ॲप’ घ्या. यातला ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे आणि ते युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधीचे कळफलक ‘अ’ला चंद्र जोडून ते अक्षर लिहायचे, आणि नीट दिसावं म्हणून काही जण मध्ये एक अदृश्य जोडचिन्हही घालायचे. शिवाय हिंदीच्या सवयीने ‘ऍ’ वापरणारेही आहेत. झाली चार रूपं. पानाचं शीर्षक एका रूपात आणि तुमची बोटं दुसऱ्या रूपात टाइप करणारी. विकी शांतपणे सांगते, असं पान नाही.

‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’मधल्या आडव्या र्‍हाचंही तेच. एक तऱ्हा म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि त्याला हलन्त. दुसरी म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. छापून आलं तर फरक ओळखू येणार नाही. ‘ऱ’ स्वतः दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो, पण ती दोन रूपं एकच आहेत हे युनिकोडला ठाऊक आहे. नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर ती एक करून घेतं. अदृश्य जोडचिन्हाच्या रूपाला मात्र ही सवलत नाही. मी वरच्या ‘र्‍हा’मध्ये मुद्दाम दुसरी तऱ्हा वापरलीय. 

यावर उपाय कीवर्डात नाही, विकीत आहे. मी तीन गोष्टी करतो. शीर्षकात ही अक्षरं येतात अशी पानं मोजकीच असतात; त्यांना दुसऱ्या रूपातली रिडायरेक्ट पानं देऊन टाकतो. घरचा आणि कामाचा, दोन्ही संगणकांवर एकच कळफलक ठेवलाय, म्हणजे निदान इथून पुढे तरी एकच रूप साठत जाईल. आणि धांडोळा घेताना शब्दाचा अडचणीचा भाग गाळतो: ‘दुसऱ्या मजल्यावरचा नळ’ शोधायचा तर ‘मजल्यावरचा नळ’ पुरतं.

तेवढ्यावर भागेल असं मात्र नाही. मराठी शब्दाला विभक्ती लागते. ‘नळ’ शोधलं तर ‘नळाला’, ‘नळाचं’ सापडेल का, हे विकीच्या शोधयंत्रणेवर अवलंबून आहे. पूर्ण शब्द जुळवणाऱ्या यंत्रणेत सापडत नाही. डोकूविकीत शब्दाच्या शेवटी ताराचिन्ह लावता येतं. ते साच्यातच घालून ठेवा: %एस आणि लगेच ‘*’. मग ‘नळ’ टाइप केलं तरी ‘नळाखाली’ लिहिलेली नोंद हाती लागते. यात एक मेख आहे: दोन शब्द शोधले तर तारा फक्त शेवटच्याला लागते. ‘घोडा’ आणि ‘घोड्याला’ अशी मूळ रूपच बदलणारी नामं तर ताऱ्यालाही दाद देत नाहीत. तिथे ‘घोड’ एवढंच शोधायचं.

कीवर्ड कुठला ठेवावा

इथे लोक फारसा विचार करत नाहीत आणि मग पस्तावतात. विकीसाठी ‘डब्ल्यू’ सुचतं, पण कळफलक मराठीवर असला की तीच कळ भलतंच चिन्ह उमटवते. मराठी शब्द शोधायचा असतो तेव्हा कळफलक बहुधा मराठीवरच असतो. म्हणजे आधी इंग्रजीवर या, कीवर्ड टाइप करा, परत मराठीवर जा. एवढी कवायत करण्यापेक्षा शोधचौकट बरी.

तुम्ही इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाणित कळफलक) वापरत असाल तर एक सुंदर योगायोग आहे: इंग्रजी ‘के’ची कळ मराठीत ‘क’ उमटवते. म्हणून मी उडीसाठी दोन कीवर्ड ठेवलेत, रोमन ‘के’ आणि देवनागरी ‘क’. बोट तेच, कळ तीच. कळफलक कुठल्या भाषेत आहे ते बघायचीच गरज नाही. धांडोळ्याला ‘केके’ आणि ‘कक’. ध्वनीवर चालणारा कळफलक असेल तर हे आणखी सोपं. फायरफॉक्समध्ये एकाच पत्त्याचे दोन बुकमार्क करताना दुसऱ्याच्या शेवटी एक रिकामा ‘&’ जोडा, म्हणजे तो वेगळा पत्ता समजला जाईल आणि दोन्ही कीवर्ड नांदतील.

एकट्याने शब्द म्हणून येणारी अक्षरं टाळा. ‘व’, ‘न’, ‘ही’ यांनी सुरू होणारा साधा शोध घ्यायला जाल आणि विकीत जाऊन पडाल. फायरफॉक्समध्ये काही चिन्हं आधीच राखीव आहेत: स्पेससह ‘*’ म्हणजे बुकमार्कांत शोध, ‘^’ म्हणजे इतिहासात, ‘%’ म्हणजे उघड्या टॅबांत. ती सोडून द्या.

चुकलेला कीवर्ड कुठे जातो

ॲड्रेस बार हा विकीचा खासगी दरवाजा नाही. कीवर्ड चुकला की आख्खं वाक्य तुमच्या नेहमीच्या सर्च इंजिनकडे जातं. शिवाय शोधसूचना (टाइप करतानाच खाली सुचवले जाणारे शब्द) चालू असतील तर एंटर दाबायच्याही आधी अक्षरं तिकडे जाऊ शकतात. विकीत आपण तब्येतीच्या, पैशाच्या, घरातल्या भांडणांच्याही नोंदी ठेवतो. एकदा माझं बोट शेजारच्या कळीवर पडलं, आणि फक्त स्वतःसाठी लिहिलेल्या पानाचं पूर्ण शीर्षक सर्च इंजिनच्या निकालांवर झळकलं. आकाश कोसळलं नाही, पण त्याच दिवशी मी ॲड्रेस बारमधल्या सूचना बंद केल्या. दोन्ही ब्राउझरांत ते सेटिंग आहे. फायरफॉक्समध्ये याच्या पुढेही जाता येतं: ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये ‘कीवर्ड.एनेबल्ड’ ‘फॉल्स’ केलं की ॲड्रेस बारमधला मजकूर सर्च इंजिनकडे आपोआप जाणं थांबतं. आपले बुकमार्क-कीवर्ड मात्र चालू राहतात.

हॅशनंतरचा भाग सर्व्हरकडे जातच नाही, हा टिडलीविकीचा एक छुपा फायदा. बाकीच्या विकींत शोधलेला शब्द सर्व्हरच्या नोंदवहीत उमटतो. ब्राउझरच्या इतिहासात तर तो सगळ्याच विकींचा उमटतो. संगणक सामायिक असेल तर हे लक्षात असू द्या.

विकी घरच्याच एखाद्या यंत्रावर चालत असेल तर साच्यात त्या यंत्राचा आकडी पत्ता लिहिताना सावध राहा. राउटरने तो बदलला की सगळे कीवर्ड एकदम मरतात. राउटरमध्ये त्या यंत्रासाठी पत्ता राखून ठेवा. आणि नेटवर्कात यंत्राला एकच शब्दाचं नाव दिलं असेल, तर हाताने उघडताना नावाच्या शेवटी तिरकी रेघ द्या; नाहीतर ब्राउझर तो शोधाचा शब्द समजतो.

शोधण्यापलीकडे

रिकामी जागा शोधाच्याच पत्त्यात असावी असं कुठे आहे? ‘इंडेक्स.पीएचपी?टायटल=%एस&ॲक्शन=एडिट’ हा मीडियाविकीचा साचा ‘नवं’ या कीवर्डला जोडला की ‘नवं पंखा’ टाइप करताच ‘पंखा’ हे पान संपादनासाठी उघडतं. डोकूविकीत ‘डोकू.पीएचपी?आयडी=%एस&डू=एडिट’.

माझा सर्वांत लाडका मात्र हा: ‘इंडेक्स.पीएचपी?टायटल=टिपणं&ॲक्शन=एडिट&सेक्शन=न्यू&प्रीलोडटायटल=%एस’. ‘टिपणं’ या पानाच्या तळाशी नवा विभाग उघडतो आणि टाइप केलेले शब्द त्याचं शीर्षक म्हणून आधीच भरलेले असतात. फोनवर कुणी काही सांगत असेल तर ऐकता ऐकता कंट्रोल+एल, कीवर्ड, विषय, आणि ऑल्ट+एंटर. ऑल्टमुळे पान नव्या टॅबमध्ये उघडतं आणि हातातलं काम जागच्या जागी राहतं. ही सवय शोधालाही लावून घ्या.

सूचनांसकट शोध हवा असेल तर ओपनसर्च बघा. ॲमेझॉनच्या ए९ या कंपनीने २००५ साली आणलेली ही पद्धत: साइट एका छोट्या फाइलमध्ये आपला साचा स्वतःच जाहीर करते आणि ब्राउझर तो उचलतो. मीडियाविकी आणि डोकूविकी दोन्ही ती फाइल आपणहून देतात. फायरफॉक्समध्ये विकीचं पान उघडं असताना ॲड्रेस बारवर उजवं क्लिक केलं की ती जोडायचा पर्याय दिसतो. मग सेटिंग्जमधल्या ‘सर्च शॉर्टकट्स’च्या यादीत तिला कीवर्ड द्यायचा. ही पद्धत साइटचा एकच साचा उचलते. उडी आणि धांडोळा वेगळे हवे असतील तर बुकमार्कांना पर्याय नाही.

सफारीत स्वतःचा साचा लिहायची सोय नाही. तिथे ‘क्विक वेबसाइट सर्च’ आहे, पण ते ओपनसर्चवर विसंबून, आणि कीवर्डऐवजी साइटचं नाव टाइप करावं लागतं.

फोनवर अँड्रॉइडचा फायरफॉक्स सेटिंग्जमधल्या ‘सर्च’मध्ये %एसचा साचा घेतो, मात्र कीवर्ड नाही, शोधताना चिन्हावर बोट ठेवून इंजिन निवडायचं. बाकी ब्राउझरांत मी शोधपानाचाच शॉर्टकट होमस्क्रीनवर ठेवतो.

सगळं जोडून झालं की तीन शब्दांवर चाचणी घ्या: नेमकं शीर्षक असलेलं एक पान, मध्ये स्पेस असलेले दोन शब्द, आणि ‘ॲ’ किंवा ‘ऱ्या’ असलेला एक मराठी शब्द. दुसऱ्या चाचणीत स्पेसच्या जागी निकालात अधिकचं चिन्ह दिसलं, तर साच्यातली खूण प्रश्नचिन्हाच्या आधी नेता येईल असा पत्ता शोधा. प्रश्नचिन्हानंतरच्या स्पेसचं क्रोम ‘+’ करतो, आधीच्या स्पेसचं ‘%२०’. तिसरी चाचणी नापास झाली तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये डोकं खुपसू नका. पानाचं शीर्षक कॉपी करून ॲड्रेस बारमध्ये चिकटवा. तसं सापडलं, तर कीवर्ड ठीक आहे आणि त्या पानाला एक रिडायरेक्ट हवंय.